घरून निघू नका

एका बटणावर माझ्याइतका राग जगात कुणी काढला नसेल. बटण तसं गरीब आहे. निळं, चौकोनी, त्यावर ‘जागा नक्की करा’ असं लिहिलेलं. ते मी असंख्य वेळा दाबलंय आणि कामावर त्याला बोट मात्र एकदाही लावलेलं नाही. माझं कामच ते आहे. वेबसाइटची पानं नीट चालतात की नाही हे तपासणाऱ्या टेस्ट मी लिहिते. आपण सूचना लिहून ठेवायच्या. मग ब्राउझर आपला आपण उघडतो, कीबोर्डला कुणाचा हात नसताना अक्षरं उमटतात, तारीख निवडली जाते, बटण दाबलं जातं. शेवटी जे दिसायला हवं ते दिसलं तर ओळ हिरवी होते, नाही तर लाल.

आईनं एकदा हे सगळं माझ्या लॅपटॉपवर बघितलं आणि विचारलं, “समदं त्येच करून राह्यलं, मंग तू काय करती?”

“त्याच्यावर नजर ठेवते.”

“म्हंजे राखण,” ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालं. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. पुढे थोडी शेती आली, मग तीही नावापुरती उरली. पण राखण म्हटलं की आईला कळतं. त्यानंतर शेजारणी विचारायच्या तेव्हा ती ठसक्यात सांगायची, पोरगी पुण्याच्या कंपनीची राखण करती म्हणून.

कंपनी पुण्याची असली तरी मी जुन्या जालन्यात बसायची. कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिला कंपनी शाखा म्हणायची. खाली दिवसभर गठ्ठे आदळायचे, रिक्षावाल्यांची भांडणं चालायची. वर आम्ही दोघीच. मी आणि माझ्याहून वयानं मोठी असलेली, घरी उर्दू बोलणारी एक सहकारी. तिला मी आपा म्हणायची. मी रोज केदारखेड्याहून कधी एसटीनं, कधी जीपमध्ये अंग कोंबून यायची. गावात नेटची बोंब, त्यामुळे घरून काम करण्याचा प्रश्नच नव्हता.

आईची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जालन्याच्या सेंटरमध्ये आधी तिचे वार ठरलेले होते, मशीन ठरलेलं होतं, शेजारच्या खाटेवरचं माणूससुद्धा ठरलेलं होतं. मग पेशंट वाढले. मशीनं तेवढीच. एक बंद पडलं की सगळ्यांचे वार घसरायचे आणि काउंटरवर हमरीतुमरी व्हायची. म्हणून ते सेंटर चालवणाऱ्यांनी वेबसाइट करून घेतली. आता प्रत्येक वेळची जागा मोबाइलवरून राखायची. ती वेबसाइट बनवायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं, आणि टेस्ट लिहायचं काम आमच्या खोलीकडे.

मला केवढा आनंद झाला होता! आईच्या खाटेची राखण मीच करणार, असं वाटलं. देव एवढा सरळ वागत नाही हे मला कळायला हवं होतं.

पानाचा एकेक तुकडा वेगळा काढून तपासायच्या टेस्ट पुण्याची मंडळी लिहायची. बटण वेगळं, तारखेचा चौकोन वेगळा, वरची पट्टी वेगळी. त्या तुकड्यांना खरा सर्व्हर, म्हणजे जागांची खरी नोंद ठेवणारा पलीकडचा कम्प्युटर, दाखवतच नाहीत. एक खोटा सर्व्हर असतो, तो विचारल्याक्षणी ‘हो’ म्हणतो. नवरदेवाला मुंडावळ्या बांधून आरशासमोर उभा करायचा आणि लग्न लागलं म्हणायचं, तसला तो प्रकार. मला तेवढ्यावर चैन पडेना. मी एक वेगळी टेस्ट लिहिली. साइटची तपासणीसाठी ठेवलेली जी प्रत असते, तिच्यावर एकाच दिवसाची एकच जागा शिल्लक ठेवायची आणि दोन ब्राउझर एकदम उघडून दोघांनाही तीच मागायला लावायची. एकाला मिळाली पाहिजे, दुसऱ्याला नाही म्हटलं पाहिजे. यात काही हुशारी नव्हती. काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही हेच सुचलं असतं.

ती टेस्ट लाल आली. दोन्ही ब्राउझरवर बरोबरच्या खुणेचा हिरवा टिकला उमटला होता: ‘तुमची जागा राखली आहे.’

आपानं मान वर न करता म्हटलं, “अगं, नेट गया असंल. पुन्हा चालव.”

पुन्हा चालवली. हिरवी आली.

आता इथे आमच्या भागाची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात चालू होत नाही. मोटर होत नाही, जीप होत नाही, नेट तर नाहीच. त्यामुळे ‘पुन्हा चालव’ हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. पहिल्या अपयशाचं आम्हाला काही वाटतच नाही. आमच्या खोलीतल्या टेस्ट तशाच चालायच्या. लाल आली तर तीच टेस्ट आपोआप पुन्हा चालेल, पुन्हा लाल आली तर आणखी एकदा, आणि कधीतरी एकदा हिरवी आली की तिला हिरवीच धरायचं, अशी सोय आपानं फार पूर्वी करून ठेवली होती. पुण्याला ती सोय इतकी आवडली की त्यांनी सगळ्या कामांना लावली. कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टला आमच्या धंद्यात ‘फ्लेकी’ म्हणतात. म्हणजे लहरी, बेभरवशाची. एकदा का हा शिक्का बसला की मग तिच्या बोंबलण्याकडे कुणी बघत नाही.

माझं डोकं मात्र तापलं. मी ती सोय बंद केली आणि नेट मुद्दाम मंद करून टेस्ट चालवली. लाल. पुन्हा लाल. नेट आमच्या गावाइतकं मंद केलं, तर दर वेळेला लाल. मग आत जाऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. बटण दाबल्यावर पान सर्व्हरच्या उत्तराची थोडा वेळ वाट बघायचं, आणि तेवढ्यात उत्तर आलं नाही तर काम झालं असं समजून टिकला लावून मोकळं व्हायचं. उत्तर नाही म्हणजे होकार! आमच्याकडे पोरगी बघून गेलेल्या लोकांचा निरोप आला नाही की शेंबडं पोरही नकार समजतं. हे लिहिणाऱ्याला कधी कुणी नाकारलंच नसावं.

पुण्यात उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत यायचं, त्यामुळे तिथे चूक दिसायचीच नाही. मी आमच्या लीडला, म्हणजे पुण्यातल्या आमच्या टीमप्रमुखाला, कॉल लावला. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता.

“आमच्याकडे एकदाही फेल होत नाहीये,” तो म्हणाला. “तुमच्या नेटचा इश्यू आहे.”

“सर, पेशंटकडेपण हेच नेट आहे. ते पुण्यात राहत नाहीत.”

“मला कळतंय. पण शुक्रवारी क्लायंटला डेमो आहे आणि टेस्टच्या निकालांचा बोर्ड सगळा हिरवा लागतो. ती एक टेस्ट तात्पुरती बाजूला काढ. नंतर बघू.”

“मी नाही काढणार.”

“ठीक आहे,” तो म्हणाला, “मी काढतो.”

त्यानं काढली. दुपारपर्यंत बोर्ड वरपासून खालपर्यंत हिरवागार. आपानं माझ्यासमोर चहा ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी रडत होते की चिडले होते, माझं मलाच कळत नव्हतं. साइटचा पहिला भाग सेंटरनं आधीच चालू केला होता, आणि माझ्याच फोनवर आईची गुरुवारची जागा राखलेली होती. हिरव्या टिकल्यासकट. रात्री घरी जाऊन मी तो टिकला उघडून बघितला, पान पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. नेट धड नव्हतं, पान जुनंच चित्र दाखवत होतं. सेंटरला फोन लावला तर तो वाजत राहिला.

“माय, त्येनं हिरवा टिकला लावलाय ना,” आई म्हणाली. “मंग कशाला जीव जाळून राह्यली?”

तिला काय सांगणार? तिला त्या टिकल्यावर विश्वास होता, कारण त्याची राखण मी करत होते.

गुरुवारी सकाळी आम्ही जालन्याला पोचलो तेव्हा आईच्या पायांना इतकी सूज होती की चपलेचा अंगठा तुटायला आला होता. डायलिसिसच्या आदल्या दिवसापासून तिला पाणी जवळजवळ तोडावंच लागायचं. ती नुसत्या चुळा भरायची. पायऱ्यांवर ती अर्ध्यात थांबली, भिंतीला हात लावून, आणि माझ्याकडे बघून हसली. मला घाबरवायचं नसलं की ती तशी हसायची.

व्हरांड्यात नेहमीसारखी दाटी होती. बाकडी भरलेली, बायका खाली चटया टाकून बसलेल्या. जाफराबादचे एक म्हातारे बाबा होते, आईच्या शेजारच्या खाटेवर कधीकधी असायचे, सगळ्यांची चौकशी करायचे. काउंटरवाल्यानं कम्प्युटरमध्ये बघितलं.

“ताई, इथं नाव न्हाई.”

मी फोन पुढे केला. “हे बघा. राखली आहे म्हणतंय.”

“मोबाइलवर काही बी म्हनू द्या. ती जागा दुसऱ्याला गेल्ती. आज असे लई जण आले, तुम्ही एकट्या न्हाई.”

मी त्याच्याशी भांडले, हात जोडले, पुन्हा भांडले. तो बिचारा काय करणार? मशीनं वाढवणं त्याच्या हातात नव्हतं. आई बाकड्याच्या कडेला बसून तोंडानं श्वास घेत होती. आत ज्यांच्या जागा खऱ्या होत्या त्यांची नावं पुकारली जात होती, आणि मी मनात म्हणत होते की यातला एक जण तरी येऊ नये. कुणाची तरी जीप बंद पडावी. कुणाला तरी ताप यावा. एवढी खाली मी कधी गेले नव्हते, पण त्या घटकेला मला त्याची लाजही वाटत नव्हती.

मग मी जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. लीडला कॉल लावला आणि माझा पडदा त्याला दाखवला. “सर, मी सेंटरमध्ये आहे. इथलंच नेट आहे. तुम्ही फक्त बघा.” त्यानं बाजूला काढलेली टेस्ट मी चालवली. दोन ब्राउझर उघडले, एकच जागा, दोघांना टिकला. लाल. पुन्हा चालवली. लाल. पुन्हा. मी देवाकडे आणखी एक लाल मागत होते. टेस्ट नापास व्हावी म्हणून नवस बोलणारी मी एकटीच असेन.

“तुझ्या मागे कोण आहे?” लीडनं विचारलं. माझा कॅमेरा चालू राहिला होता.

“माझी आई. तिलाही टिकला मिळालाय.”

तो म्हणाला, “आजच दुरुस्त करतो. डेमो होईपर्यंत थांबत नाही.” आणि त्यानं शब्द पाळला, हे मान्य करायला हवं.

पण आईला त्या दिवशी खाट दिली ती वेबसाइटनं नाही. त्या व्हरांड्यात एक रीत होती. जागा नसलेले लोकही यायचे, बसायचे, आणि ज्याला थोडं सोसवेल तो ज्याला अजिबात सोसवत नाही त्याला पुढे करायचा. कुणी ठरवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघून व्हायचं. जाफराबादच्या बाबांनी माझ्या आईकडे बघितलं आणि काउंटरला म्हणाले, “ह्या बाईला माझ्या जागी घ्या. मी संध्याकाळच्याला बसतो. मला अजून दम हाय.”

“बाबा, संध्याकाळी मशीन रिकामं होईल का काय सांगता येत न्हाई,” काउंटरवाला म्हणाला.

“होईल की. कुणी ना कुणी उठतंच.”

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, “जल्दी कर, बाई. पाया नंतर पड.” संध्याकाळी निघताना त्यांना खाट मिळालेली बघितली तेव्हा मी पोटभर जेवले, सकाळपासून पहिल्यांदा.

दुरुस्ती झाली. आता बटण दाबल्यावर चाक फिरत राहायचं, सर्व्हरनं खरंखुरं उत्तर दिल्याशिवाय पान एक अक्षर बोलायचं नाही. माझी टेस्ट परत यादीत घेतली, ‘पुन्हा चालव’ची सोय तिच्यापुरती काढली. आपानं स्वतः काढली आणि म्हणाली, “ये तो पहिल्या बारीलाच खरं बोलनार आता.” एकच गोष्ट राहिली होती. जागा नसेल तेव्हा पानावर काय लिहायचं? पुण्यानं लिहिलेलं वाक्य सरकारी पत्रासारखं लांबलचक होतं. लीड म्हणाला, तुमच्या भागातल्या माणसांना समजेल असं तूच दे.

मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. आता बरी होती, नुकतीच जाऊन आलेली.

“सरळ सांगावं,” ती म्हणाली. “न्हाई तर न्हाई. मान्सं कुठून कुठून येत्यात, जीपनं येत्यात. उगंच मान्साला घरून निघू देऊ न्हाई.”

मी तसंच लिहिलं: ‘या दिवशी जागा शिल्लक नाही. घरून निघू नका.’ लीडला फार आवडलं. हे वाक्य पानावर बरोबर दिसतं का, मोठ्या अक्षरात दिसतं का, साध्यातल्या साध्या मोबाइलवर अर्धवट कापलं जात नाही ना, याच्याही टेस्ट मी लिहिल्या. सगळ्या हिरव्या. क्लायंट खूश झाला, पुढचं काम आमच्या खोलीला मिळालं, आपानं शीरखुर्मा आणला. कितीतरी दिवसांनी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

मग एका आठवड्यात आईची जागा लागेना. चाक फिरलं, थांबलं, आणि माझंच वाक्य मोठ्या, स्वच्छ, न कापलेल्या अक्षरांत समोर आलं. दुसरा वार बघितला, तिसरा बघितला. तेच. या वेळी कुठेही चूक नव्हती. शोधायला बगसुद्धा नव्हता. खाटा कमी होत्या आणि माणसं जास्त होती, आणि पान ते खरं खरं सांगत होतं.

तिची वेळ टळून दोन दिवस झाले तशी तिला आडवं झोपवेना. भिंतीला टेकून बसायची. सकाळी मी तिची पिशवी भरली आणि तिची चप्पल तिच्यापुढे सरकवली.

“काय म्हनतंय त्ये?” तिनं फोनकडे बोट दाखवलं.

“जागा नाही म्हणतंय.”

“मंग? निघू नका म्हनतंय ना. तूच लिव्हलंय.”

“मीच लिहिलंय. चप्पल घाल.”

जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली आणि मी सगळ्या वाटेवर व्हरांड्याचा विचार करत राहिले. बाबा असतील. कुणी ना कुणी तोंडाकडे बघेल. कुणीतरी संध्याकाळच्याला बसतो म्हणेल. आम्हाला फक्त तिथे पोचायचं होतं.

व्हरांडा रिकामा होता.

बाकडी पुसलेली होती. चटया नव्हत्या. आतून मशीनांचा आवाज येत होता, ज्यांच्या जागा होत्या ते आत होते, आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं. काउंटरवाल्यानं मला ओळखलं आणि हसून म्हणाला, “ताई, बरं झालं बघा ती वेबसाइट सुधारली. आता बिलकुल गर्दी न्हाई. ज्याला जागा न्हाई तो येतच न्हाई.”

मी विचारलं, “जाफराबादचे बाबा?”

“न्हाई दिसले बा या वेळेला. तुम्ही बसा. कुणी उठलं तर बघू.”

मी आईला बाकड्यावर बसवलं. तिनं इकडे तिकडे बघितलं, रिकाम्या बाकांवरून तिची नजर फिरत राहिली, आणि तिनं दम खात विचारलं, “बाकीची समदी कुठं गेली गं?”

“घरी आहेत,” मी म्हणाले.